बर्फवाल्याचे त्रेचाळीस सेकंद

वेम्बली पार्कला दारं उघडली, मॅचला निघालेली निम्मी गाडी उतरली, आणि सुचेताच्या फोनवर तनिषाचा मेसेज आला: ‘मावशी, सोळा नाहीये. बावीस आहे. शंभर टक्के. कॉल करा प्लीज.’ सुचेतानं तो दोनदा वाचला आणि लगेच फोन लावला, कारण पुढं फिंचली रोडनंतर गाडी बोगद्यात शिरते आणि मग फोन लागत नाही, माणूस कुणाचाच कुणी लागत नाही. “मावशी, तुम्ही बसलाय ना?” तनिषा म्हणाली. ती सुचेताच्या मैत्रिणीची, नंदाची मुलगी, हॅरोला जन्मलेली, अडतीस वर्षांची. क्रॉयडनच्या एका फिल्म-संग्रहात जुन्या रिळांची डिजिटल प्रत करण्याचं काम करायची आणि वाईट बातमी नेहमी अशीच, नर्ससारखी द्यायची. “बसलेय गं. बोल.” “तो बर्फ पडतो ना, त्याच्या खांद्यावरून? छोटा पीस? त्याचे मी फ्रेम्स काउंट केले. बारा आहेत.” “मग?” “खांदा ते जमीन दीड मीटर धरा. अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त टाइम लागतो. सोळाचा स्पीड असता तर नऊ फ्रेम्स पाहिजेत. बारा म्हणजे बावीस. ग्रॅव्हिटी तर तेव्हा पण सेमच होती ना, मावशी.” सुचेतानं फोन दुसऱ्या कानाला लावला. “म्हणजे तुमचा शॉट त्रेचाळीस सेकंद नाही. एकतीस आहे. सॉरी हां. मी दोन्ही फाइल्स बनवून ठेवल्यात, सोळाची पण आणि बावीसची पण. तुम्ही सांगाल ती लावते.” त्यावर सुचेता तोंड उघडणार तोच गाडी बोगद्यात शिरली, खिडकीच्या काचेत तिचा स्वतःचा चेहरा आला, आणि तोंड उघडंच राहिलेलं तिला दिसलं.

चार वाजता क्रॉयडनला सिनेमा होता. सिनेमाआधी दहा मिनिटं सुचेता बोलणार होती, आणि बोलणार होती ती नेमकी त्या त्रेचाळीस सेकंदांवर. सोमवारी तिच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती छपाईला जायची होती, आणि त्यातल्या चौथ्या प्रकरणाचं नावच ‘त्रेचाळीस सेकंद’ होतं. तिला राग आला तो आधी तनिषाचा. कुणी सांगितलं होतं हिला बर्फ मोजायला? शंभरहून जास्त वर्षं तो तुकडा पडतोय, कुणी मोजला नाही, आणि आज, शनिवारी, बाराच्या पुढं हिला न्यूटन आठवला. मग तिला त्या ‘सॉरी हां’चा राग आला. आणि मग बेकर स्ट्रीट येईपर्यंत राग घरंगळत घरंगळत जिथं यायचा तिथं आला, कारण त्या बर्फाच्या तुकड्यावर तिनं स्वतः दोन पानं लिहिली होती. ‘तुकडा घाईनं पडत नाही,’ असं तिनं लिहिलं होतं. ‘जणू बघणारीच्या इच्छेनं तो हवेत थोडा रेंगाळतो.’ पहिल्या आवृत्तीच्या तीन परीक्षणांत हे वाक्य उचललेलं होतं. रेंगाळतो! वस्तू पडायला जास्त वेळ लागतोय हे तिला दिसलं होतं, चांगलं टिपून ठेवण्याइतकं दिसलं होतं, आणि शाळेतल्या पोराच्याही जे डोक्यात आलं असतं ते तिच्या आलं नव्हतं, की बाई, तू रीळ हळू चालवते आहेस.

सिनेमा एथेल ब्रॅनिगन नावाच्या बाईचा. न्यू जर्सीत, मोठ्या स्टुडिओंचा पैसा न घेता, तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी एक कंपनी काढली आणि बंद पडेपर्यंत पाच सिनेमे केले. त्यांतला हा एकच उरला. गोष्ट साधी आहे. एक विधवा खाणावळ चालवते, रोज सकाळी बर्फवाला येतो, खांद्यावरची लादी उतरवतो, पायरीवर बसून पाणी पितो आणि मान पुसतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून विधवा त्याच्याकडे बघते, म्हणजे कॅमेरा बघतो, म्हणजे ब्रॅनिगन बघते. त्या काळच्या सिनेमात पुरुष बायकांकडे बघत. इथं बाई पुरुषाच्या मानेकडे बघत होती आणि बघतच राहत होती. सुचेताचा सगळा युक्तिवाद या ‘बघतच राहण्या’वर उभा होता. याच सिनेमात पुरुष बायकांकडे जास्तीत जास्त अठ्ठावीस सेकंद बघतात, तिनं मोजलं होतं. ब्रॅनिगनची विधवा त्रेचाळीस सेकंद बघते. दीडपट. आकडा होता म्हणून लोकांनी ऐकलं. नुसतं ‘खूप वेळ’ म्हटलं असतं तर परिषदेतले पुरुष प्राध्यापक माना हलवून चहाला गेले असते. गोम अशी होती की बाकीचा सिनेमा तिनं व्हिडिओ टेपवर मोजला होता, जी टेप कुणीतरी टेलिव्हिजनसाठी बरोबर वेगावर बनवलेली होती, आणि हा एकच शॉट त्या टेपमध्ये नव्हता. तो वेगळ्या डब्यात सापडला होता आणि तिनं तो तळघरातल्या टेबलावर, हातानं वेग लावून पाहिला होता. मूकपटांचा कॅमेरा हातानंच फिरवत, सेकंदाला किती चित्रं ते फिरवणाऱ्याच्या मनगटावर असे, आणि हँडबुकात छापलेलं असे: शंका असेल तर सोळा धरा. तिनं सोळा धरले होते. आता एकतीस आणि अठ्ठावीस. तीन सेकंदांवर कुणी प्रकरण लिहीत नाही. तीन सेकंद म्हणजे ब्रॅनिगनला शिंक आली असेल.

शंका असेल तर सोळा. पण तिला शंका होती कुठं? हे तिला छळायला लागलं, आणि गाडी ग्रीन पार्कला दोन मिनिटं उगीच थांबून राहिली तेव्हा तर फारच. तळघरातला तो नोव्हेंबर तिला नीट आठवत होता. संग्रहाच्या इमारतीखाली ओल्या लोकरीचा वास येणारी खोली, टेबलावर चहाच्या ताटाएवढा पडदा, उजव्या हाताशी वेगाची मूठ. तिची पोरगी तेव्हा सहा वर्षांची. तिला शाळेतून आणायला तीनला निघावं लागे, म्हणून खोली मिळे ती जेमतेम चाळीस मिनिटं. पहिल्या दिवशी तिनं मूठ पुढं ढकलली तेव्हा बर्फवाला नीट चालत होता. हे तिला आता आठवलं, बोगद्यात, आणि तिनं पर्सचा पट्टा घट्ट धरला. नीट चालत होता तो. माणसासारखा आला, लादी उतरवली, बसला, प्याला, मान पुसली, उठला. तिला वाटलं, एवढंच? मग तिनं मूठ मागं घेतली. हँडबुक नंतर उघडलं होतं. आधी हात मागं आला होता, आणि मग हाताला आधार म्हणून पुस्तक शोधलं होतं, आणि पुस्तकात सोळा होतं. पंधरा वर्षं ती हा क्रम उलटा सांगत आली होती, विद्यार्थ्यांना, परीक्षकांना, आणि मुख्य म्हणजे स्वतःला, आणि त्यात तिनं खोटं बोलल्यासारखं काही वाटून घेतलं नव्हतं. हळू केल्यावर त्याच्या मानेवरून पाण्याचा ओघळ कॉलरपर्यंत जायला जो वेळ लागे, तेवढ्यात माणसाबद्दल बरंच काही कळे. केस नुकते कापलेले आहेत हे कळे. उन्हाची रेषा कुठं थांबते ते दिसे. त्या नोव्हेंबरात ती त्या खोलीत अकरा वेळा गेली. शॉट मोजायला एकदा पुरलं असतं.

कारण इतर कुणी बघू देत नसे. नवऱ्याकडे, अतुलकडे ती बघायला लागली, जेवताना किंवा तो बूट घालत असताना, की दहाव्या सेकंदाला तो गालाला हात लावून विचारे, “काय झालं? काही लागलंय का?” सत्तावीस वर्षांत त्याच्या चेहऱ्याला काहीही लागलेलं नसताना त्यानं हजार वेळा गाल पुसला असेल. या देशात तर गाडीत समोरच्याकडे बघायचीही सोय नाही. सगळे बुटांकडे बघतात, जाहिरातींकडे बघतात, आणि चुकून नजर भिडली तर दोघंही माफी मागतात. आणि त्याआधी पुण्यात, शहाण्णव साली, अतुलच्या आधीचं एक स्थळ बघायला आलं होतं. बघायला म्हणजे ते हिला बघायला. पोहे झाले, शिक्षण विचारून झालं, आणि सुचेता समोर बसलेल्या त्या मुलाकडे बघत राहिली, कारण आयुष्य काढायचं तर चेहरा पाठ हवा असं तिला खरोखरच वाटलं होतं. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. भुवईत एक जुनी खोक होती. दोन दिवसांनी त्याच्या आत्याचा निरोप आला. मुलगी चांगली आहे, म्हणाल्या, पण फार बघते. आईनं तो निरोप स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितला आणि वर म्हणाली, “अगं, एकदा बघायचं आणि खाली बघायचं. एवढं काय त्यात डोळे रोवून बसायचं? तो काय फळ्यावर लिहिलेला होता?” पुढच्या वेळी अतुल आला तेव्हा ती बशीकडे बघत बसली, आणि लग्न ठरलं. हे सगळं तिनं पुस्तकात कुठं लिहिलं नव्हतं. पुस्तकात ब्रॅनिगन होती.

लंडन ब्रिजला गाडी बदलताना फोनला जीव आला आणि अतुलचाच फोन वाजला. तो स्टॅनमोरच्या घरात स्वयंपाकघराच्या सिंकखाली शिरलेला होता. “प्लंबर म्हणतो व्हॉल्व्ह बदलायचा. तुझं काय, पोचलीस?” तिनं सांगितलं, तुटक तुटक, जिन्यावरून उतरता उतरता. तो ऐकत होता. ऐकताना तो नेहमी प्रश्न सोपा करत जायचा, बँकेत तेच करून त्याचं पोट भरलं होतं. “म्हणजे दोन फाइल्स आहेत, आणि तू सांगशील ती लागणार.” “हो.” “आणि फरक प्रेक्षकांना कळणार नाही.” “नाही कळणार.” “मग सोळाची लाव की! अगं, तिथं कोण घड्याळ लावून बसणार आहे? पंचाहत्तर वर्षांच्या साठ बायका.” “आणि पुस्तक?” “पुस्तकाचं पुढच्या आवृत्तीत बघ.” “अतुल, हीच पुढची आवृत्ती आहे.” मागं पाण्याची धार लागलेली ऐकू येत होती. “हे बघ,” तो म्हणाला, “चूक कुणाच्या जिवावर बेतलेली नाही. तू एवढी का चिडतेस तेच मला कळत नाही.” आपण चिडलोय की घाबरलोय हे तिलाही कळत नव्हतं, म्हणून तिनं व्हॉल्व्हचं बघ म्हणून फोन ठेवला.

हॉल एका जुन्या चॅपेलचा होता. दाराशी डेबोरा उभी होती. सिनेमंडळ ती चालवायची, आणि उत्साहाच्या भरात समोरच्याचा कोपर धरायची तिला सवय होती. तिनं सुचेताचा कोपर धरला आणि हातात पत्रक दिलं. पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं: ज्या त्रेचाळीस सेकंदांनी सिनेमाकडे बघायची रीत बदलली. “हे मी नाही लिहिलं,” सुचेता म्हणाली. “तुझ्याच पुस्तकातून घेतलंय!” डेबोरा म्हणाली. “सगळ्या जणी त्याच शॉटसाठी आल्यात. आमच्या पॅटनं तर नात आणलीय.” मागच्या बाजूला, प्रोजेक्टरच्या टेबलाशी, तनिषा लॅपटॉप उघडून बसली होती. सुचेताला बघताच ती उठून उभी राहिली. “मावशी, तुम्ही रागावला ना माझ्यावर.” “तू आज का मोजलंस ते सांग. काल का नाही? एक महिना तुझ्याकडे रीळ आहे.” “कारण आज मला ते फनी वाटलं.” “काय फनी वाटलं?” “तो चालतो कसा ते. जसा पाण्यातून. सगळ्या सिनेमात लोक नॉर्मल चालतात आणि हा एकटाच तिथं आला की मून-वॉक करतो. मला वाटलं माझा चूक असेल, म्हणून काउंट केलं.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “मी कुणाला सांगितलं नाहीये. खरंच. सोळाची पण रेडी आहे.” तिच्या चेहऱ्यावर मदत करायची इतकी तयारी होती, की सुचेताला वाटलं हिला एक चापट मारावी आणि मग जवळ घ्यावं. सोळाची लावली तर आज सगळं होतं तसं राहील. प्रकरण राहील, दीडपट राहील, आणि ब्रॅनिगन नावाच्या त्या बाईकडे, जिच्याकडे तिच्या हयातीत कुणी ढुंकून पाहिलं नाही, निदान एक मोठी नजर राहील. बावीसची लावली तर ब्रॅनिगन आणखी एक मेहनती बाई, पुरुषांपेक्षा तीन सेकंद जास्त. तिची बाजू घ्यायची म्हणून तरी खोटं बोलावं का, असं मनात आलं, आणि लगेच तिला स्वतःची चीड आली. ब्रॅनिगननं कधी मागितली होती हिची वकिली? तिनं उजेड जायच्या आत कॅमेरा फिरवला होता, बावीसच्या वेगानं, दणादण.

“बावीस लाव,” ती म्हणाली, आणि माइककडे गेली. साठ डोकी, बहुतेक पांढरी. कुणी कोट मांडीवर घेतलेला, कुणी बिस्किटाचा कागद वाजवतंय. ती म्हणाली की पत्रकात छापलंय ते चूक आहे, आणि चूक डेबोराची नाही, तिची स्वतःची आहे. बर्फाचा तुकडा, बारा चित्रं, दीड मीटर, सगळं सांगितलं. शॉट एकतीस सेकंदांचा आहे. पंधरा वर्षं मी त्रेचाळीस सांगत आले. एवढं बोलून ती थांबली. काहीतरी व्हावं अशी तिची अपेक्षा होती, निदान एक उसासा. पहिल्या रांगेतल्या बाईंनी हात वर केला आणि मध्यंतर आहे का विचारलं. नाही, डेबोरानं सांगितलं, पण स्वच्छतागृह डावीकडं आहे. दिवे गेले.

सिनेमा सुरू झाला आणि सुचेता पहिल्या रांगेच्या टोकाला बसली. तिसऱ्या रिळात बर्फवाला आला. माणसासारखा आला, लादी उतरवली, तुकडा पडला, पडला म्हणजे पडला, आणि पायरीवर बसून तो पाणी प्यायला. अलीकडं, खिडकीशी, विधवा. तिनं त्याच्या मानेकडे पाहिलं, पडदा सारखा केला, पुन्हा सरकवून पाहिलं, आणि हॉल हसला. सुचेता चमकली. साठ बायका मनापासून, ओळखीनं हसत होत्या, मागं कुणीतरी “अगदी!” म्हणालं. विधवेनं तिसऱ्यांदा पडदा सरकवला, बर्फवाला उठला, ती घाईनं पीठ मळायला लागली, आणि हसू आणखी वाढलं. तो विनोद होता. एथेल ब्रॅनिगननं ठाकठीक टायमिंगचा एक विनोद केला होता, तिचे एकतीस सेकंद त्यासाठीच होते, आणि सुचेतानं त्याला इतकं हळू केलं होतं की त्यातलं हसू मरून गेलं आणि मागं विरह उरला. दोनशे दहा पानांच्या पुस्तकात ‘विनोद’ हा शब्द एकदाही नव्हता. तिला ब्रॅनिगनचा संताप आला. हा विनोद आहे अशी एक पाटी टाकली असतीस तर काय बिघडलं असतं?

सिनेमा संपला, टाळ्या झाल्या, प्रश्न सुरू झाले. घोडे खरे होते का. खाणावळीचं भाडं किती. मग पॅटच्या नातीनं विचारलं, चुकीचा आहे तो बघता येईल का? कुठला चुकीचा? त्यांचा, ती म्हणाली, त्रेचाळीसवाला. “त्याचा काही उपयोग नाही,” सुचेता म्हणाली, माइकशिवाय, हवं त्यापेक्षा मोठ्यानं. “तो वेग अस्तित्वातच नव्हता.” पण पॅट म्हणाली दाखवा ना, आणखी दोघी म्हणाल्या हो दाखवा, डेबोरानं कोपर धरायला हात पुढं केला, आणि तनिषानं लांबून नुसत्या भुवया उंचावून विचारलं. सुचेतानं खांदे उडवले. दिवे पुन्हा गेले. बर्फवाला आला, पाण्यातून चालत यावं तसा आला. लादी उतरली. तुकडा सुटला आणि हवेत राहिला. कुणी हसलं नाही. पडदा सरकला तेव्हाही नाही. हॉल गप्प होत गेला. बिस्किटाचा कागद थांबला. ओघळ मानेवरून कॉलरकडे निघाला, आणि सुचेताच्या लक्षात आलं की मागं बसलेल्या या साठ जणी आता ब्रॅनिगनची नजर बघत नाहीयेत. बर्फवाल्याकडेही नाही. एका बाईनं तळघरात, दाराला कडी लावून, अकरा वेळा एका माणसाकडे कसं पाहिलं, ते बघतायत. तिचा हात कुठं मागं आला ते बघतायत. ती कशाला आसुसलेली होती हे त्यांना दिसतंय, त्रेचाळीस सेकंद, सलग. तिचे कान तापले. तनिषा वाकून टेबलापासून तिच्यापर्यंत आली आणि कुजबुजली, “मावशी, बंद करू?” “नको,” सुचेता म्हणाली. “संपू दे.”

ईस्ट क्रॉयडनच्या प्लॅटफॉर्मवरून तिनं प्रकाशनाच्या फियोनाला फोन लावला. शनिवार संध्याकाळ होती, मागं ताटल्यांचा आवाज होता. सुचेतानं सगळं सांगितलं. “अरे देवा,” फियोना म्हणाली, “म्हणजे चौथं प्रकरण काढायचं?” “नाही. ठेवायचं. ‘ब्रॅनिगन बघते’ असं जिथं जिथं आहे तिथं ‘मी बघते’ करायचंय. आणि वेग हळू का केला ते लिहायचंय.” “किती ठिकाणी?” “सदुसष्ट. आत्ताच फाइलमध्ये मोजली.” फियोनानं श्वास सोडला. “सुचेता, सोमवारी सकाळी नऊला फाइल जाते. आणि तसं केलं तर हे पुस्तक नक्की कुणाबद्दल आहे?” “ते तुम्ही मागच्या कव्हरवर काय लिहायचं ते लिहा,” सुचेता वैतागून म्हणाली. गाडी येत होती. “माझ्याकडे अख्खा रविवार आहे.”